अर्काडी साहेबांच्या कोटाची सातवी शिवण

जेद्दाच्या शराफिया भागातल्या माझ्या दुकानात एकच कायदा होता. टेपवरचा आकडा तोंडाने उच्चारायचा नाही. गिऱ्हाइकाच्या पोटाभोवती टेप फिरवायची, आकड्यावर अंगठा दाबून धरायचा, गुपचूप वहीत लिहायचा आणि चेहरा असा ठेवायचा, की जणू काही घडलंच नाही. जेद्दात बाकीचे कायदे पुष्कळ. ते माझ्या डोळ्यांदेखत बदललेही. माझा कायदा मात्र चौतीस वर्षं टिकला.

मी उस्मान, धंद्याने शिंपी. गाव म्हसळ्याच्या पलीकडे, खाडीकाठी. आमच्याकडची माणसं आखातात जाऊन काय काय करतात ते कोकणात सगळ्यांना ठाऊक आहे, मी शिवलं. सौदी लोक घालतात ते पायघोळ पांढरे तोब शिवले, शाळांचे गणवेश शिवले, हॉस्पिटलवाल्यांचे डगले शिवले आणि लग्नासाठी गावी निघालेल्या आमच्या नवरदेवांच्या शेरवान्या शिवल्या. सोबतीला बायकोचा धाकटा भाऊ लतीफ. तो माझ्यानंतर दहा वर्षांनी आला आणि अजून मला विचारल्याशिवाय कैची उचलत नाही. दुकान कागदावर कफिलाचं, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा परवाना त्या सौदी माणसाचं. तो वर्षातून दोनदा यायचा, चहा प्यायचा, ‘यल्ला’, म्हणजे ‘चला’, म्हणायचा आणि जायचा. इतका गुणी मालक जगात दुसरा नसेल.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट आधी सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरच उभं आहे. शिवणीच्या आतल्या बाजूला जो जादा कपडा सोडतात, त्याला आम्ही माया म्हणतो. रेडिमेडवाले पाव इंच सोडतात, तेही जिवावर आल्यासारखं. मी दीड इंच सोडायचो. आमच्या गिऱ्हाइकाचा स्वभाव मला पाठ होता. शेरवानी नेताना तो काडीसारखा असतो. मग दोन वर्षं रोज दुपारी परातभर कब्सा, म्हणजे मटणाचा भात, हाणतो. मग धाकट्या भावाच्या लग्नात तीच शेरवानी घालायची म्हणून घेऊन येतो, आरशासमोर उभा राहून श्वास रोखतो आणि माझ्याकडे बघतो. मी काजांकडे बघत म्हणतो, ‘‘कापड आटलंय. इथलं पाणीच तसं.’’ तो श्वास सोडतो. मी आतली शिवण उसवतो, माया मोकळी करतो आणि दुसरी शिवण घालतो. दोघांचीही अब्रू शाबूत.

जेद्दाचं पाणी असं माझ्या फार उपयोगी पडलं. नाशिकचे एक डॉक्टर होते, सरकारी हॉस्पिटलात. दिवसभर लोकांना ‘भात कमी करा, चाला’ सांगायचे. आपला एकुलता एक सूट दर हिवाळ्यात माझ्याकडे आणायचे. मी दर हिवाळ्यात पाण्याला शिव्या घालायचो. चौथ्या वर्षी म्हणाले, ‘‘उस्मानभाई, तुमच्या या पाण्यावर एकदा रिसर्च करायला हवा.’’ सूट टेरिकॉटचा होता. टेरिकॉट आटत नाही. शिकलेला माणूस, त्यांना हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. पण पाचव्या वर्षीही ते माझ्याकडेच आले. शेजारच्या हैदराबादी टेलरने त्यांना तोंडावर ‘साब, वजन बढ गया’ म्हटलं होतं. त्याचं दुकान पुढे बंद पडलं.

माझी स्वतःची तक्रार एकच होती, आणि ती शेवटच्या दोन-तीन वर्षांतली. हल्लीच्या ट्यूबलाइट बोगस. पूर्वी एका ट्यूबखाली आम्ही दोघं काळ्या कपड्यावर काळा दोरा चालवायचो. आता दोन ट्यूबा असून पिठूळ उजेड. लतीफला म्हटलं, तर तो लगेच, ‘‘व्हय भावजी, सगलो चायनाचो माल,’’ म्हणाला आणि नवी घेऊन आला. एका वर्षात तीन वेळा त्याने ती बदलली. सुईत दोरा ओवायचं कामही आपणहून अंगावर घेतलं. सकाळी माझ्या तासभर आधी जाऊन दुकान उघडू लागला. पोरगा पन्नाशीत का होईना सुधारला, असं मी बायकोला फोनवर सांगितलं. ती ‘बरं’ म्हणाली.

आता मूळ मुद्द्यावर येतो. मी या देशात आलो तेव्हा इथे एकही थिएटर नव्हतं. सिनेमा बघायचा तर लोक गाडी काढून पूल ओलांडून बहरीनला जायचे. मग वारं फिरलं. थिएटरं उघडली, आणि मग इथेच सिनेमे काढायची टूम निघाली. माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा मुलगा फैसल, ज्याचे शाळेचे तोब मी शिवले होते, तो परदेशात शिकून सिनेमाचा मॅनेजर होऊन आला. एक दिवस दुकानात येऊन म्हणाला, ‘‘हाजी, हाइलला शूटिंग आहे. दोन महिने. ड्रेसचं काम. रशियाचा मोठा माणूस येतोय, नट आहे, डायरेक्टरही आहे.’’ हज मी त्यानंतर केला. पण वय झालेल्या शिंप्याला हाक मारायला तिकडे तोच शब्द बरा पडतो.

हाइल उत्तरेला. हिवाळ्यात कडाक्याची थंडी, तांबडी वाळू, काळे डोंगर आणि मध्येच गव्हाची हिरवी शेतं. जेद्दात चौतीस वर्षं घाम पुसणाऱ्या माणसाला तिथे स्वेटर घालावा लागला. शहराबाहेर वाळूत आमचे तंबू लागले. मी आणि लतीफ, दोन मशिनी, एक इस्त्री आणि कपड्यांच्या सत्तर पेट्या.

गोष्ट अशी होती. शंभर वर्षांपूर्वी एक रशियन लेफ्टनंट नकाशे काढत वाळवंटात येतो. वय अठ्ठावीस. तहानेने मरायला टेकतो, बदू लोक, म्हणजे तिथले उंटपाळ भटके, त्याला वाचवतात, आणि त्या उपकाराची फेड म्हणून तो बदू लोकांना उंटावरून लढायला शिकवतो. बदूंना उंट रशियन माणसाने शिकवावा, यात फैसलला काही खटकलं नाही. बहुधा पटकथा इंग्रजीत होती म्हणून. लेखक अर्काडी साहेब, डायरेक्टर अर्काडी साहेब आणि लेफ्टनंटही अर्काडी साहेबच. त्यांचं वय बासष्ट होतं, आणि हे मी पोट सोडून बोलतोय.

माणूस होता मात्र राजबिंडा. उंच, पांढऱ्या केसांचा, आवाज असा की तंबूची कनात हलावी. माझं इंग्रजी शराफियाचं, त्यांचं मॉस्कोचं. दोन्ही सारखीच मोडकी असल्यामुळे आमचं छान जमलं.

फैसलकडे दुसरीही एक पटकथा तयार होती. तीत हिरो बदू वाटाड्या, आणि रशियन पाहुणा म्हणजे म्हातारा कर्नल, जो पहिल्या दहा मिनिटांत वाटाड्याला नकाशा देऊन प्राण सोडतो. वाटाड्याचं काम करायला माजिद नावाचा तरुण होता. हाइलचाच, मोटारींच्या शोरूममध्ये सेल्समन. कॉलेजात नाटकं करायचा. उंटावर असा बसायचा की खाली उतरला की चुकल्यासारखं वाटावं. पहिली तालीम त्याने केली तेव्हा लतीफ इस्त्री बाजूला ठेवून बघत राहिला. दुसऱ्या दिवशी माजिदने मला सांगितलं, ‘‘हाजी, हे काम मिळालं तर मी शोरूम सोडणार. वडिलांना सांगून टाकलंय.’’

पण हे अर्काडी साहेबांना सांगणार कोण? पैसेवाले फैसलला सांगत, तू सांग. फैसल कॅमेरामनला सांगे, तू सांग. कॅमेरामन म्हणे, मी तर लांबूनच फोटो काढतो, मला काय. शेवटी एका दुपारी सगळे सतरंजीवर जेवायला बसले असताना फैसलने घसा खाकरून विषय काढला, की लेफ्टनंटचं काम फार धावपळीचं आहे, तब्येतीला त्रास होईल वगैरे. अर्काडी साहेब हसले. उठून आपल्या गाडीतून एक गाठोडं घेऊन आले. पांढऱ्या कापडात, डांबरगोळ्यांच्या वासात गुंडाळलेला एक राखाडी लोकरी कोट. लेफ्टनंटचा.

‘‘हा माझ्या पहिल्या सिनेमातला,’’ ते म्हणाले. ‘‘मी अठ्ठावीस होतो. हा बसला, तर लेफ्टनंट मी. नाही बसला, तर कर्नल मी, आणि माजिद हिरो. खलास.’’ अरबी भाषेतला हा एकच शब्द ते शिकले होते, आणि जिथे तिथे वापरत. मग त्यांनी त्या चाळीस माणसांतून नेमकं माझ्याकडे बोट केलं. ‘‘ठरवणार हाजी.’’

माझ्या हातात मटणाचा तुकडा होता. तो मी परत परातीत ठेवला.

जेवण झाल्यावर फैसल माझ्या तंबूत आला. स्टुलावर बसला, उठला, परत बसला. म्हणाला, ‘‘हाजी, तुला काही करायचं नाही. कोट उद्या तसाच परत दे आणि सांग, बसत नाही. एवढंच. त्याचा तुझ्यावर राग राहणार नाही. तू शिंपी आहेस, तुझं म्हणणं त्याला ऐकावं लागेल.’’

म्हणजे बघा. इतक्या शिकल्यासवरल्या लोकांना जे तोंड उघडून सांगता येत नव्हतं, ते त्यांनी जेद्दाच्या शिंप्यावर टाकलं. आणि शिंपीही असा निवडला, की ज्याने उभ्या जन्मात कुणाला ‘बसत नाही’ म्हटलेलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी अर्काडी साहेबांचं माप घेतलं. माप घेताना माणूस बोलतो, हा माझा अनुभव. हात वर, नजर समोर, अंगावर परक्याची बोटं. गप्प राहणं अवघड जातं. नवरदेव सासऱ्याबद्दल बोलतात. अर्काडी साहेब आपल्या कारकिर्दीबद्दल बोलले. खेड्यातल्या नाटक कंपनीत सुरुवात, तीन वर्षं भालेकरी म्हणून मागे उभे. मग या कोटातला लेफ्टनंट, आणि एका रात्रीत देशभर नाव. पोरींच्या पत्रांची पोती. मग स्वतःच डायरेक्टर झाले, कारण दुसरे डायरेक्टर त्यांना पुरेसं जवळून दाखवत नसत. मग एका थिएटरचे प्रमुख. मग टीव्हीच्या मालिकेत गुप्तहेर. ‘‘फार लोकप्रिय,’’ ते म्हणाले. ‘‘खुर्चीत बसून गुन्हे शोधायचा.’’ मग गाण्यांच्या स्पर्धेत परीक्षक. मग गुडघ्याच्या औषधाची जाहिरात, हे त्यांनी जरा हळू सांगितलं. मी अंगठा आकड्यावर दाबून धरला होता. तो आकडा मी आजही सांगणार नाही.

कोट टेबलावर उलटा केला आणि बाजूची शिवण उसवली. लोकरीचं कापड शिवणीची खूण विसरत नाही. दोरा काढला तरी भोकांची रांग आणि फिकट पट्टा राहतो. तिथे एकाशेजारी एक सहा रेघा होत्या.

पहिली मूळची. बारीक, एकसारखी, जुन्या कारागिराची. तिच्यापासून पाव इंचावर दुसरी. हे लग्न आणि डायरेक्टरी. तिसरी तिला खेटून. चौथी चांगली अर्धा इंच सरकलेली. थिएटरचं प्रमुखपद आणि त्याच्या मेजवान्या. पाचवी गुप्तहेराची खुर्ची. सहावी कापडाच्या अगदी काठावर, घाबरत घातलेली. तो परीक्षकाचा आणि गुडघ्याचा काळ. प्रत्येक रेघेत वेगळ्या दोऱ्याचा तुकडा अडकलेला, वेगळा हात, वेगळी सवय. म्हणजे पहिली सोडली तर दर सिनेमाच्या आधी एकेका शिंप्याने साहेबांना सांगितलं होतं, की कापड आटलंय. मॉस्कोतही पाणी खराबच म्हणायचं. पेपरवाल्यांनी त्यांच्यावर काय लिहिलं असेल ते असो. माणसाची एवढी खरी कारकीर्द मी कुठे वाचलेली नाही.

आणि माया संपली होती. सहाव्या रेघेनंतर उरलेलं कापड नखाएवढं.

लतीफ माझ्या खांद्यावरून बघत होता. म्हणाला, ‘‘भावजी, आता कायच उपाय नाय. ‘नाय बसत’ म्हणून सांगा नि मोकले व्हा. खोटा पन नाय बोलूचा लागनार.’’

किती सोपं होतं. कापडानेच माझ्या वतीने उत्तर दिलं होतं. माजिदचं काम, फैसलची झोप, सिनेमाचं नशीब, सगळं माझ्या एका वाक्यावर होतं, आणि ते वाक्य खरं होतं. मी ते का नाही म्हटलं?

मला माझी लाज वाटते, पण सांगतो. मला ना सिनेमा दिसला, ना माजिद. मला त्या सहा शिवणी दिसल्या. सहा परदेशी शिंप्यांनी जमवलं, आणि सातवा, म्हसळ्याचा उस्मान, हात वर करणार? माझ्या दुकानातून कपडा ‘बसत नाही’ म्हणून कधी परत गेला नव्हता. माया संपली म्हणून काय झालं? आमच्याकडे कुडत्याला काखेखाली कळी घालतात, तिकोनी तुकडा, हात उचलला तरी ओढ बसत नाही. रशियन कोटाला कळी घालायची अक्कल त्या सहांपैकी कुणाला सुचली नव्हती. मला सुचली. कोटाच्या खालच्या दुमडीतून तेच कापड काढलं, दोन्ही बाजूंना काखेपासून कमरेपर्यंत लांब कळ्या बसवल्या. दोन दिवस लागले. लतीफ चार वेळा म्हणाला, ‘‘मी मारतो शिलाई, तुम्ही पडा जरा.’’ चारही वेळा मी त्याला हाकललं. तो इतका कासावीस झाला होता, की मला वाटलं जळतोय.

तंबूतला बल्ब अर्थातच बोगस होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळं युनिट जमलं. अर्काडी साहेबांनी हात बाहीत घातले. मी मागून खांदे सारखे केले. एक गुंडी लागली, दुसरी लागली. पोटाजवळच्या गुंडीशी आल्यावर चाळीस माणसांनी श्वास रोखला, एकट्या साहेबांनी नाही. तीही लागली. साहेबांनी हात वर केले, खाली केले, एक गिरकी घेतली. म्हणाले, ‘‘खलास!’’

टाळ्या वाजल्या. मोठ्याने वाजवणाऱ्यांत फैसल होता. मग त्याने माझ्याकडे जे पाहिलं, ते मी विसरलेलो नाही. माजिद जवळ आला, कोटाच्या बाहीवरून हात फिरवला आणि म्हणाला, ‘‘हाजी, काम सुंदर केलंस.’’ टोमणा असता तर बरं झालं असतं. तो मनापासून बोलत होता.

त्यानंतरचे दीड महिने मी रोज माझ्या कारागिरीची फळं बघितली. अठ्ठावीस वर्षांचा लेफ्टनंट उंटावर चढला तेव्हा उंटाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. उंट उठेना. मग बसलेल्या उंटावरचाच शॉट घेतला. टेकडीवरून धावत यायचं होतं. साहेब चार पावलं आले, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाले, या ठिकाणी लेफ्टनंट विचार करतो. त्या सिनेमात लेफ्टनंट फार वेळा विचार करतो. जिथे विचार करून भागणार नव्हतं, तिथे लांबून माजिदला पाठमोरा धावायला लावलं. कोट तोच, आत पोटाला बांधलेली उशी. उशी मीच शिवली. ज्या मुलाला मी हिरो होऊ दिलं नाही, त्याला मी हिरोचं पोट शिवून दिलं.

सिनेमाचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो. एका महोत्सवात लागला. मी नव्हतो, फैसल सांगत होता, की लोक खूप हसले, आणि सिनेमा विनोदी नव्हता. मग तो कुठेच लागला नाही. माजिद शोरूममध्ये परत गेला. मध्यंतरी एका ओळखीच्याने हाइलमध्ये त्याच्याकडून गाडी घेतली. म्हणाला, माणूस छान आहे, पण गाडीचं दार उघडून दाखवताना उगाच नाटकीपणा करतो.

आता शेवटचा दिवस. दुपारचे दोन वाजले असतील. सामान बांधणं चालू होतं. थंडी सरली होती, आत उकडतं म्हणून मी मशीन तंबूबाहेर उन्हात काढून ठेवलं होतं. लतीफ जरा पलीकडे पेट्यांना दोऱ्या बांधत होता. अर्काडी साहेब आले, हातावर कोट, उलटा केलेला. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, ‘‘हाजी, बघ.’’ कोटाची आतली बाजू त्यांनी मांडीवर पसरली आणि एकेका रेघेवर बोट ठेवत गेले. ‘‘लेनिनग्राडचा म्हातारा. त्याची विधवा सून. मॉस्कोचा एक दारुडा, फार गुणी. कीव्हची बाई. परत मॉस्को. रीगा.’’ सहाही नावं त्यांनी घेतली. ती माझ्या लक्षात राहिली नाहीत.

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं.

‘‘दर सिनेमाच्या आधी मी कोट शिंप्याला देतो,’’ ते म्हणाले. ‘‘ढिला कर, असं मी कधी म्हटलं नाही. फक्त विचारतो, बसतो का? युनिटमधली माणसं पगारी. बायको दमलेली. म्हटलं, शिंपी सांगेल. त्याच्याकडे टेप आहे. एकही सांगत नाही. पहिल्याने कोट बेतला, तो सोड. पुढे सहा शिंपी, सहा वेळा, बसतो!’’

मी म्हटलं, ‘‘साहेब, घरात आरसा असेल की.’’

‘‘नट आरशाशी बोलतो, हाजी. ऐकत नाही.’’

हे वाक्य त्यांनी आधी कुठेतरी म्हटलेलं असणार. आवाज तसाच लागला होता. मला राग आला. माझ्या गळ्यात सगळं घालून हा माणूस मोकळा होत होता. मी विचारलं, ‘‘आणि मी नाही बसत म्हटलं असतं, तर माजिदला काम दिलं असतं?’’

साहेबांनी थोडा विचार केला. लेफ्टनंटसारखा नाही, खरा. ‘‘तुझ्यावर ओरडलो असतो. तुला हाकललं असतं. मग दुसऱ्या दिवशी दिलं असतं.’’ मग म्हणाले, ‘‘कदाचित.’’

त्या ‘कदाचित’मुळे मी त्यांच्यावर अजून नीट रागावू शकलेलो नाही. पण त्यांचं संपलं नव्हतं. त्यांनी खिशातून चष्मा काढून लावला. दोन महिन्यांत त्यांचा चष्मा मी पहिल्यांदा पाहिला. म्हणाले, ‘‘एक कारागीर, पाच खोटारडे, पण सहाही शिवणी सरळ. दारुड्याची सुद्धा. तुझी बघ.’’

मी बघितलं. मला सरळ दिसली. तसं मी म्हटलं.

त्यांनी वाद घातला नाही. माझा उजवा हात धरला, पहिलं बोट कोटावर टेकवलं आणि माझ्या शिवणीवरून काखेपासून खाली नेलं. डोळ्यांना जे दोन वर्षं कळलं नव्हतं ते बोटाला एका वितीत कळलं. शिवण डावीकडे गेली होती, सावरली होती, परत घसरली होती. मध्ये दोन ठिकाणी दोरा कापडाला नुसता चाटून गेला होता. नवशिक्याने घातली असती तर मी त्याच्या हातून मशीन काढून घेतलं असतं.

‘‘तुझे डोळे गेलेत, हाजी,’’ अर्काडी साहेब म्हणाले. ‘‘कुणी सांगितलं नाही?’’

मोतीबिंदू होते, दोन्ही डोळ्यांत, पिकलेले. ते पुढे डॉक्टरांनी काढले आणि मी आता गावी बसून हा लेख स्वतःच्या हाताने लिहितोय. पण त्या क्षणी मला डोळ्यांचं काही वाटलं नाही. मला तीन वेळा बदललेली ट्यूब आठवली. आपणहून ओवलेल्या सुया आठवल्या. माझ्याआधी तासभर उघडणारं दुकान आठवलं, आणि त्या तासात लतीफ एकटा बसून काय उसवत आणि काय पुन्हा शिवत असेल ते कळलं. दोन वर्षांत त्याचा हात न लागलेलं माझं काम एकच होतं, ते साहेबांच्या मांडीवर पसरलं होतं. बायकोचं ते फोनवरचं ‘बरं’सुद्धा आठवलं.

साहेब उठले. कोट मशीनवर ठेवत म्हणाले, ‘‘जाण्याआधी सरळ करून दे. पुढच्या सिनेमाला लागेल.’’ आणि गेले.

मी लतीफला हाक मारली. तो दोरीचं टोक हातात घेऊनच आला. कोट उलटा पाहिला आणि त्याला सगळं समजलं.

‘‘लतीफ,’’ मी म्हटलं, ‘‘माझी शिलाई वाकडी येते काय रे?’’

डोक्यावर हाइलचं दुपारचं ऊन होतं, वाळू नुसती तापून पांढरी झाली होती, त्याच्या भुवईतला पिकलेला केस न् केस मला दिसायला हवा होता. लतीफने वर आभाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे न बघता कोट उचलला, खाली वाळूत मांडी घातली आणि ब्लेडने माझी शिवण उसवायला घेतली.

‘‘उजेडच कमी हाय हिकडं, भावजी,’’ तो म्हणाला.